देवाची करणी

"वयनी, चाय ठेवू नको. वासूक तेवढी हाक मार," असं म्हणत मधू राऊळ आमच्या पडवीत येऊन बसला, तेव्हा मी अंगणात भात वाळत घालत होते. पायाने भात पसरता पसरता मी बघितलं होतं, बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत शिरताना त्याने गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून खिशात कोंबलं होतं. बाईची नजर आहे, चुकते थोडीच.

"हे देवळात आहेत, येतील आता," मी म्हटलं. "आणि चहा ठेवतेच. माहेरवाशिणीचा मुलगा कोरड्या तोंडाने परत गेला तर गाव मलाच नावं ठेवील."

तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. मी चूल फुंकायला आत गेले.

मी मूळची राजापूरकडची. कांदळकोंडात लग्न होऊन आले त्याला आयुष्य उलटलं, तरी माझं बोलणं अर्धं तिकडचं नि अर्धं इकडचंच राहिलं. आमचे हे, म्हणजे वासू गुरव, त्यावरून मला अजून चिडवतात. मधू काही आमच्या गावचा नव्हे. त्याची आई, द्वारकाआते, ही इथली परबांची मुलगी. गावचे पहिले मानकरी तात्या परब हे तिचे धाकटे भाऊ. मे महिना आला की मधू मामाकडे यायचा आणि पोरांत पोर होऊन हुंदडायचा. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की सगळ्यांत पुढे हाच.

गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे हं. आमच्याकडे गुरव देवासमोर उभा राहतो आणि गावाच्या वतीने, गावात जे घडलं ते मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. त्याच्या एकेका वाक्याला जमलेला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतो. समजून देतो असंही नाही. आईच्या कडेवरचं पोरसुद्धा आधी 'आई' म्हणतं आणि मग 'व्हय महाराजा' म्हणतं. गुरवाचा आवाज खाली आला की आपोआप तोंडातून निघतं ते. आणि मधूचा आवाज असा खणखणीत, की माझे सासरे गाऱ्हाणं संपवून म्हणायचे, "ह्या राऊळाच्या पोराचो आवाज देवाक आदी ऐकाक जाता."

तोच मधू आता डोंगरावरच्या कंपनीत अधिकारी होता. गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांची समजूत काढायची, हे त्याचं काम. आणि त्या वर्षी समजूत काढण्याजोगं बरंच घडलं होतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन आमच्याकडे खाडीवर होतं. गणपती पाण्यात न्यायचा मान तांडेलांचा. झिलू तांडेल मांडीभर पाण्यात जाऊन उभा राहायचा, आणि घराघरातून आलेला गणपती लोक त्याच्या हातात द्यायचे. त्याचा बाप हेच करायचा, आजा हेच करायचा. त्या संध्याकाळी पाऊस मरणाचा होता. पाण्याला फेस होता, उग्र वास होता. पण पुराच्या पाण्याला वास असतोच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दोनचार गणपती झाले आणि झिलू म्हणाला, "पाय चुनचुनतत रे."

"गणपतीच्या रंगाचा आसतला," काठावरून कोणीतरी म्हणालं.

मग थोड्या वेळाने त्याची बायको भागी ओरडायला लागली, "वर येवा, वर येवा तुमी! तोंड बघा कसा झालाहा!" मी तिच्या शेजारीच उभी होते. झिलू तिच्याकडे बघून काय म्हणाला ते मला मरेपर्यंत विसरता यायचं नाही. "देव पाण्यात आणि मी भायर? येवचे आसत अजून."

सगळा गाव होऊन जाईपर्यंत तो बाहेर आला नाही. अर्ध्यावर मान सोडून यायचं त्याच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं, आणि आमच्यापैकीही कोणाला 'राहू दे आता' म्हणायचं सुचलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांची सालं निघाली होती. भागीने पदराने पाय पुसायला घेतले, तर पदराला कातडं चिकटून आलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं ते मेलेल्या माशांनी पांढऱ्या झालेल्या खाडीवर. तांबोशी, पालू, शेंगटी, सगळं पोट वर करून तरंगत होतं. काठावरची गुरं पाणी पिऊन आडवी झाली. विहिरींना तोच वास यायला लागला.

कंपनीने डोंगरावर सांडपाण्याचा एक मोठा तलाव बांधला होता. पावसाने त्याची भिंत विसर्जनाच्या आदल्या रात्री अचानक फुटली, कोणाला आधी कळण्याचा प्रश्नच नव्हता, असं कंपनीने लिहून दिलं. नैसर्गिक आपत्ती. तात्या परबांनी गावच्या बैठकीत त्याचा अर्थ सांगितला, "म्हंजे देवाची करणी."

गावाने तक्रार केली, कोर्टात केस उभी राहिली. मग कंपनीच शहाण्यासारखी खाली आली. झिलूला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेऊ, गावाला नळाचं पाणी देऊ, रवळनाथाच्या देवळाचं छप्पर नवं करू. एवढंच करा, तक्रार मागे घ्या, आणि झालं ते कोणाच्या चुकीने झालं नाही असं गावाने एकमुखाने मान्य करा. गाव उभा दुभंगला. भाऊ भावाशी बोलेना. शेवटी तात्या म्हणाले, "आपण कित्याक भांडतंव? देवाक इचारया. कौल लावया."

कौल म्हणजे देवाचा होकार-नकार. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल मिळाला की विषय मिटला. त्याच्यापुढे कोणी जात नाही. कंपनीच्या साहेबांना हे कळायला वेळ लागला असेल, पण मधूला कशाला लागतोय?

चहा घेऊन बाहेर आले तोवर हे देवळातून आले होते. खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसत समोर बसले होते, आणि मधू हलक्या आवाजात बोलत होता.

"वासू, तुका मी काय सांगूचा? पाकळी भिजवून लावली तर चिकटून रवता. जेमतेम ओली केली तर आदी सुटता. तुझ्या बापाशीक म्हायत होता, तुका म्हायत आसा."

"व्हय," हे म्हणाले.

"देवाक फसव असा मी म्हणणंय नाय हां. गावाचा भला कशात आसा ता तू बघ. झिलूचे पाय बरे जातले. केस वर्सानुवर्सा चलतली, त्यातसून काय गावणार नाय. आणि किशोर घरात बसान आसा. आयटीआय करून काय करता? बेडो लावता आणि काढता. तेका मी पुढच्या म्हयन्यात लावन घेतंय."

खोटं कशाला बोलू, किशोरचं नाव ऐकलं आणि मी हातातली कपबशी खाली ठेवायची विसरले. पोटचा पोर रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, कुठेच न जाता पडवीत बसलेला बघायचा म्हणजे काय असतं ते आईला विचारावं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ह्यांनी होय म्हटलं असतं तर त्या क्षणी मला बरंच वाटलं असतं.

ह्यांनी चहा घेतला, बशी पालथी घातली.

मग मी आत जाऊन फडताळातून पानाचा डबा आणला. पितळेचा, झाकणावर मोर असलेला. "हा घेऊन जा बाबा तुझ्या आईचा. गौरीच्या आदल्या दिवशी इथेच राहिला. इथे माझ्याशी सुपारी कातरत बसल्या होत्या आणि तू गाडी घेऊन आलास तो भूत मागे लागल्यासारखा. गौरीपुढे सुपांचा ओवसा भरल्याशिवाय जात नाही म्हणून त्या रडकुंडीला आल्या, तर तू म्हणे डॉक्टरची वेळ घेतलीय! सणासुदीला कुठला डॉक्टर बसतो रे तुमच्याकडे? पुढच्या वर्षी तरी सण पुरा होईपर्यंत ठेव त्यांना."

मी आपली नेहमीसारखी चेष्टा करत होते. पण मधूने डब्याला हात लावला नाही. उठून चपला घालायला लागला. "रवांदे, वयनी. परवा कौलाक ती येतली, तेव्हा तिच्याच हातात दी," म्हणाला, आणि वळूनही न बघता गेला. बेड्याबाहेर पडेपर्यंत त्याने कार्डसुद्धा गळ्यात घातलं नाही.

हे डबा हातात घेऊन उलटापालटा करून बघत होते. मी भात उलथायला गेले, परत आले, तरी तसेच. मग म्हणाले, "द्वारकाआते नक्की कधी गेली गो?"

"सांगितलं ना, गौरीच्या आदल्या दिवशी. सकाळच्या वेळी. मी मोदकांचं पीठ चाळत होते."

"पाऊस होतो?"

"कुठला पाऊस? लख्ख ऊन होतं. पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी धरला. का हो?"

"काय नाय," असं म्हणून ते उठले आणि डबा फडताळात ठेवायला स्वतःच आत घेऊन गेले. दुपारी ताटावर बसले आणि भाताला हात न लावता उठले. मला वाटलं, किशोरच्या नोकरीचाच विचार करताहेत. म्हटलं करू देत.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी भागी मागच्या दाराने आली. पूर्वी यायची ती डोक्यावर टोपली घेऊन, आणि मासळीचा भाव करताना आमचं भांडण शेजारच्या वाडीला ऐकू जायचं. आता टोपली नाही आणि भांडणही नाही. ती उंबऱ्यावर टेकली.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"पाय काळे पडत इले. रात-दीस कण्हतत." मग ती ह्यांच्याकडे वळली. "वासूदादा, तुमका एक निरोप दिलोहा तेंनी. म्हणतत, गोव्याक न्हेतीत तर न्हेतीत, नाय न्हेतीत तर नाय. कौल खयचो येवचो तो येवंदे. पण देवाची करणी म्हणून कागदार आंगठो उठवचो नाय, असा वासूक सांग. म्हणतत, मी देवाची कामा करीत होतंय, देव माका असा करूचो नाय. कोणीतरी केल्यान हा, तेचा नाव कोणीतरी घेवक व्हया."

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्या मनातली ती किशोरची नोकरी मला एकदम ओकारी यावी तशी नकोशी झाली. हे मात्र भागीला एवढंच म्हणाले, "तेका परवा देवळात घेवन ये. खाटेर घालून आणूची लागली तरी आण."

कौलाच्या दिवशी सकाळपासून देऊळ भरलं. तक्रार चालू ठेवायची म्हणणारे एका बाजूला, मिटवून टाका म्हणणारे दुसऱ्या बाजूला, जणू लग्नातली दोन वऱ्हाडं. मधे तात्या परब फेटा बांधून. झिलूला पोरांनी खाटेवरून आणून दाराशी ठेवलं. त्याच्या पायांवर चादर होती, आणि तिकडे बघायचं सगळेच टाळत होते. मधू सोवळ्याचा पंचा नेसून, उघड्या अंगाने, हात जोडून मानकऱ्यांच्या मागेच उभा होता. कंपनीचा माणूस म्हणून नव्हे, गावचा भाचा म्हणून. नारळही देवाला त्यानेच पहिला ठेवला होता. न आला असता तर कदाचित बरं झालं असतं त्याच्यासाठी. पण आला नसता तर लोक म्हणाले असते, पापी मन खातं त्याला. म्हणून आला.

द्वारकाआते बायकांत माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातात मी डबा दिला तेव्हा पोरीसारखी खूश झाली. "मेल्यान, ह्यासाठी दोन म्हयने जीव टांगल्यान माझो," असं मधूकडे बघून पुटपुटत तिने डबा मांडीवर घेतला.

ताटात पाकळ्या तयार होत्या. ह्यांनी त्यांना हात लावला नाही. तांब्यातल्या पाण्यालाही नाही. देवाकडे तोंड करून उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" देऊळ घुमलं.

"आज तुझी सगळी लेकरा, मानकरी, रयत, तुझ्या पायाकडे उभी रवली आसत."

"व्हय महाराजा!"

"तुझ्या खाडीचा पाणी नासला. मासो मेलो. गुरा मेली. तुझो झिलू तांडेल, तुझे गणपती पाण्यात पोचवणारो, तेका आज पायार उभा रवाक येणा नाय."

"व्हय महाराजा!"

"ज्यांनी ता पाणी सोडल्यानी, ते म्हणतत ही देवाची करणी. म्हंजे तुझी करणी, महाराजा. आळ तुझ्यार इलोहा."

इथे 'व्हय महाराजा' थोडं उशिराने आलं. तात्यांनी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. गाऱ्हाण्यात गुरवाला कोणी अडवत नाही. तशी रीतच नाही.

"मी तुझो गुरव. तुझी बाजू मांडूचा काम माझा."

"व्हय महाराजा!"

"कंपनी म्हणता, भिंत राती अचानक फुटली. पाणी येतला असा कोणाक म्हायत नव्हता."

"व्हय महाराजा!"

"पण गौरीच्या आदल्या दिसाक, लख्ख ऊन आसताना, तुझी एक माहेरवाशीण ह्या गावातसून उचलून न्हेली. ओवसो भरूक दिलो नाय. पानाचो डबो घेवक सवड दिली नाय. माझ्या पडवीतसून न्हेली."

"व्हय महाराजा!" लोक म्हणाले, पण आता माना वळायला लागल्या होत्या. माझ्या शेजारी द्वारकाआतेचा हात डब्यावर थांबला. आणि माझ्या, हो, माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. परवा मी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं होतं आणि मलाच ते कळलं नव्हतं. हे दोन दिवस जेवले नव्हते ते ह्यासाठी.

"तिचो पोरगो मायेचो. आवशीक पाण्याच्या वाटेतसून काढल्यान. चांगला केल्यान."

"व्हय महाराजा!"

ह्यांचा आवाज खाली आला. नेहमी येतो तसा.

"कारण पाणी सोडतले ता तेका आदल्या दिसाक म्हायत होता."

गाव गप्प झाला. इतक्या वर्षांत गाऱ्हाण्याचं एकही वाक्य साथीशिवाय रिकामं गेलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि तेही गेलं नाही. त्या शांततेत एकच आवाज उठला, खणखणीत, मानकऱ्यांच्या मागून.

"व्हय महाराजा!"

मधू होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, लहानपणापासून उभा राहायचा तसा. आपण एकटेच बोललो हे त्याला आपलाच आवाज कानावर पडल्यावर कळलं. त्याने डोळे उघडले. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडाचा रंग उडत गेलेला मी बघितला, आणि खरं सांगते, मला त्याची कीव आली. त्याच वेळी उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

"मधू," द्वारकाआते बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुका म्हायत होता?"

तो काही तरी बोलायला गेला. नाही म्हणता आलं असतं. सवयीने निघालं म्हणता आलं असतं. कोणी काय करणार होतं? पण समोर देव होता आणि बाजूला आई होती. मान खाली घालून तो म्हणाला, "व्हय, आये."

"माका सांगलंस, डॉक्टराची येळ आसा म्हणून."

"व्हय."

"मगे जाता जाता एक हाक मारूक काय झाला होता तुका?" म्हातारीचा आवाज आता कापायला लागला. "ह्या वासूच्या बायलेक मारूची होतंस, समोर बसलेली. माझ्या भावाक मारूची होतंस. पाण्यात जाव नको, एवढाच. एवढाच सांगूचा होता रे!"

"नोकरी गेली असती, आये," मधू म्हणाला. मोठमोठ्या बैठकांत बोलणारा माणूस, पण तिथे एवढंच बोलला.

तेव्हा दाराशी खाटेवर झिलू हलला. कोपरावर रेटून थोडा वर झाला. "आते," तो म्हणाला, "सगळ्यात शेवटचो गणपती तुमच्या माहेरचो होतो. तात्यांचो. तो पाण्यात पोचवन मगच मी भायर इलंय."

तात्या परब, उभ्या गावाला धाकात ठेवणारा माणूस, मटकन खाली बसला. फेटा काढून मांडीवर घेतला. देवळात फक्त भागीचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

"तात्यानु," ह्यांनी विचारलं, "कौल लावचो?"

तात्यांनी मान हलवली. "कशाक? देवाक इचारूचा काय रवला?"

पाकळ्या ताटात तशाच सुकल्या. तक्रार मागे घ्यायचा विषय त्या दिवसानंतर गावात कोणी काढला नाही.

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "एवढ्या लोकांत त्याचं नाव घ्यायचा धीर कुठून झाला हो तुम्हाला? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"मी खय नाव घेतलंय?" हे म्हणाले. "मी गाऱ्हाणा घातलंय." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "किशोराक काय सांगतलंस?" आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. मी त्यांचा हात धरला. भर रस्त्यात, लोकांसमोर, जन्मात पहिल्यांदा.

द्वारकाआते मुलाच्या गाडीत बसली नाही. "ह्या तोंडानं जा आणि कोर्टात सांग. सांगशीत त्या दिसाक मी तुझ्या घरात पाय टाकीन," असं तिने देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर सांगितलं आणि भावाच्या घरी राहिली. रोज दुपारी डबा घेऊन आमच्या पडवीत यायची. सुपारी कातरायची. मधू दर महिन्याला यायचा, बेड्याबाहेर उभा राहायचा आणि परत जायचा. नोकरी त्याने सोडली की कंपनीने काढली, ते मला अजून कळलेलं नाही. आमचा किशोर गोव्याला एका गॅरेजात लागला. झिलूच्या पायांना पुढच्या पावसापर्यंत काही औषध लागू पडलं नाही. त्याच पावसात तो गेला. त्या वर्षी गणपती पाण्यात कोणी न्यायचे म्हणून गाव धक्क्यावर उभा होता, तेव्हा भागीने पदर खोचला आणि तीच उतरली.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. मधूच्या साक्षीचा दिवस आला तेव्हा आम्ही सगळे टेम्पोत बसून गेलो होतो. द्वारकाआतेला हाताला धरून जिना चढवावा लागला. कंपनीचा वकील काळाभोर कोट घालून उभा होता. त्याने इंग्रजीत काय काय विचारलं ते मला कळलं नाही. मग न्यायाधीशांनीच चष्मा काढून मधूला मराठीत विचारलं, "स्पष्ट सांगा. पाणी सोडणार हे तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं?"

मधूने मान वर केली. समोर आई बसली होती, मांडीवर पानाचा डबा घेऊन. तिच्या बाजूला भागी, एकटी.

तो 'हो साहेब' म्हणेल असं मला वाटलं होतं. पण त्याने हात जोडले, आणि त्याच्या तोंडातून निघालं, "व्हय महाराजा."

मागे बसलेला कोणी वकील फिदीफिदी हसला. आमच्या बाकावरचं कोणी हसलं नाही.